अंजनाची रोपं कुणी खाल्ली

"सायेब, झाड खाली बघा," म्हणत तो काठीचं टोक खडकाच्या भेगेत खुपसायचा. पिशोरच्या माळावर शेळ्या चारणारा म्हातारा. असा माणूस बाजाराच्या दिवशी तुम्हीही पाहिला असेल आणि माझ्यासारखंच त्याचं बोलणं कानाआड केलं असेल.

मी तेव्हा झाडं लावण्याच्या सरकारी कामावर होतो. अंजनाचं झाड मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. तो त्याच्यावर जगत होता. भर उन्हात रान उघडं पडलं की शेळ्यांना पाला अंजनाचा, दाव्यांना वाख त्याच्याच सालीचा. लाकडाबद्दल म्हणायचा, "कुऱ्हाड रडती."

पिशव्यांतली रोपं भरून आमचा ट्रक माळावर चढला तेव्हा तो हसला. "पिशवीत मुळी वेटोळं घेती. बी भेगंत टाका. वर बोटभर दिसंल, खाली लई जाईल."

"तू शेळ्या सांभाळ," मी म्हणालो.

उन्हाळ्यात सगळी रोपं वाळली. तपासणी दोन दिवसांवर होती. त्यानं एक रोप उपटून माझ्यापुढं धरलं. मुळी गुंडाळून बसली होती. "शेंडा शाबूत हाय. एक पान कुणी चावलं नाय. हे लिवा."

मी लिहिलं, शेळ्यांनी खाल्ली.

त्याच्या शेळ्या कोंडवाड्यात गेल्या, माळावरची चराई बंद झाली. वरिष्ठांनी त्याच्यादेखत विचारलं तेव्हाही मी मान डोलावली. "तुमी तर मुळी बघितली व्हती," एवढंच तो म्हणाला. शेळ्या विकून त्यानं गाव सोडलं.

नवी नोकरी होती, घाबरला असशील, असं घरचे म्हणतात. थोतांड. नोकरी जाणार नव्हती. फार तर बोलणी बसली असती. तेवढी चुकवायला मी त्याला चोर ठरवलं आणि पुढं बढतीही घेतली.

इतक्या वर्षांनी, यंदा सगळं खरं लिहून, सही करून, त्याचा पत्ता शोधत कारखान्यांजवळच्या बजाजनगरला गेलो. म्हातारा कधीच वारला होता. नातू कंपनीतून नुकताच आला होता. त्यानं कागद वाचला आणि परत दिला.

"आम्हाला ठावं हाय, काका. आजा गावच्या लग्नालाबी जात नव्हता. हे तिथं जाऊन वाचा."

गेलो. पारावर उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. माणसं शांतपणे ऐकत होती. मग एकानं विचारलं, "कोन म्हातारा?"