मावशींची परदेशी पाल

मावशींच्या हातात झाडू आणि भिंतीवर पाल दिसली, की आम्ही भाडेकरू आपापली दारं लावून घेत असू. पाल कुठे पडेल याचा नेम नसे, पण पडणार हे नक्की असे.

मावशी म्हणजे आमच्या भोसरीच्या घरमालकीण. शेताच्या जागी वर्कशॉप उभी राहिली, तरी त्यांचा आवाज बांधावरून हाक मारणाऱ्या बाईचाच राहिला. "ए इंजनेर, जेवलास का न्हाई?" अशी हाक रोज माझ्या खोलीपर्यंत यायची. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिलाच. चाकणच्या एका कंपनीत नुकताच लागलो होतो. मला इंजिनिअर म्हणून हाक मारणारं पहिलं माणूस म्हणजे मावशी. तो शब्द माझ्या आईवडिलांच्याही तोंडी अजून बसला नव्हता.

अशा बाईच्या घरी त्यांच्या मुलाने, संदीपदादाने, एक पाल आणून ठेवली. विकत घेतलेली, रीतसर कागदपत्रांसकट परदेशातून आलेली. रंग पिवळा, अंगभर काळे ठिपके, शेपूट चांगली जाडजूड. दादाचा फ्लॅट रावेतला. तिथे वहिनींनी "एकतर ती राहील, नाहीतर मी" असं सुनावल्यामुळे तो काचेची पेटी घेऊन आईकडे आला होता.

"इकत घेतलीस? आरं, मला सांगायचं व्हतं. फुकट दिल्या असत्या!"

"आई, ही लेपर्ड गेको आहे, पालीची परदेशी जात. भिंतीवर चढत नाही."

"मग कसली पाल ती!"

तिला जिवंत रातकिडे लागतात आणि तेसुद्धा दुकानात मिळतात, हे ऐकून मावशींनी कपाळावर हात मारला. मग हळूच म्हणाल्या, "तिला खाऊ घालाया रोज येशील?" एरवी दादा सणावारालाच उगवायचा. तो "येईन की" म्हणाला आणि मावशींनी झाडू दाराआड ठेवला. पालीचं नाव सोनी पडलं.

थोड्याच दिवसांत सोनी पांढुरकी दिसू लागली. ती कात टाकते आणि टाकलेली कात स्वतःच खाते, हे दादाने सांगून ठेवलं होतं. पण लांबच्या प्रवासात तिचं अंग कोरडं पडलं होतं. कात निघेना. पायांवर, बोटांवर पापुद्रे तसेच चिकटून राहिले. त्यात दादा कंपनीच्या कामाने बाहेरगावी गेलेला.

मी शिफ्टवरून आलो, तर मावशी पाय लांब करून बसलेल्या. शेजारी कोमट खोबरेल आणि चिमूटभर हळद. पायांवरच्या फडक्यात सोनी, मालीश करून घेत असलेली.

"मावशी, हे काय?"

"संदीपला असंच चोळलाय म्या. बघ की कसा गडी झालाय."

मालीश झाल्यावर बाळ पेटीत गेलं. पेटीत वाळू. तेलकट अंगावर ती अशी बसली, की सकाळी सोनी तळायला काढलेल्या भज्यासारखी दिसत होती. बोटं सुजून लाल झाली होती. रातकिडा समोरून चालत गेला तरी तिने मान वळवली नाही.

"तू शिकलेला हाईस. सांग काय करायचं," मावशी म्हणाल्या. मला काडीचं कळत नव्हतं. पण न कळणारं कुणाला विचारायचं, एवढं शिक्षणाने शिकवलं होतं. फोनाफोनी करून संत तुकाराम नगरात अशा प्राण्यांच्या एक डॉक्टर शोधल्या. मावशी बाइकवर मागे, मांडीवर भोकं पाडलेला डबा. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने विचारलं, "मावशी, डब्यात काय?"

"पाल."

त्याने स्कूटर पुढे काढली.

"तेल कुणी लावलं?" डॉक्टरांनी विचारलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"म्याच लावलं बाई."

डॉक्टर रागावल्या नाहीत. वाळलेली कात बोटाला दोऱ्यासारखी आवळते, रक्त थांबतं आणि बोट झडतं, असं त्यांनी समजावलं. तेल बंद, वाळू बंद, खाली कागद. रोज पाय बुडतील एवढ्याच कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवायचं. पेटीत एक कोपरा ओलसर हवा, पण पाणी साचायला नको. आणि कात ओढायची नाही. ओढली तर खालची नवी कातडी सोलवटते.

"वल ऱ्हायली पायजे, पाणी नगं," मावशी पुटपुटल्या. "मटकीला मोड आणाया ठेवतो तसं?"

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच."

परतताना मागून आवाज आला, "इंजनेर, ही गेली तर संदीप यायचा बंद व्हईल रं." मी खड्डे चुकवत बाइक आणखी हळू चालवू लागलो.

मटकीचं ओलं फडकं पेटीत पालथ्या घातलेल्या फुटक्या कुंडीखाली गेलं आणि सोनी त्यात. मी एकदा पापुद्र्याचं टोक धरलं, तर हातावर चापट बसली. "हात मागं घे! सुटंल तवा सुटंल." बाहेरगावाहून परतलेला दादा आधी चिडला, मग रोज कोमट पाण्याचं ताट घेऊन आईशेजारी बसू लागला. एका सकाळी बोटांवरची कात मोज्यासारखी निघाली आणि मावशींनी सगळ्या भाडेकरूंना ओरडून बाहेर काढलं. एका बोटाचं टोक तेवढं गेलं. सोनीने मात्र त्याच दिवशी रातकिडा गट्ट केला.

तिला पाहायला आलेल्या वहिनी पुढे स्वतःच म्हणाल्या, "नेऊ या आपण हिला." मावशींनी अडवलं नाही. फडकंसुद्धा बरोबर दिलं. त्यानंतर बरेच दिवस त्या मला जरा जास्तच वेळा जेवायला बोलवत होत्या.

मग एका रविवारी दारात गाडी थांबली. दादा, वहिनी आणि काचेची पेटी.

"कात टाकतेय, आई. तुझ्याकडेच टाकू दे."

तेव्हापासून सोनीची कात आली, की सगळं घर भोसरीत मुक्कामाला.

मी चाकणला घर घेतलं तेव्हाही मावशी थांब म्हणाल्या नाहीत. डबाभर मटकीची उसळ हातात दिली. मी डब्याकडे बघतच राहिलो, तशा त्या म्हणाल्या, "खा गुमान. फडकं दुसरं हाय."

तो डबा मी अजून परत केलेला नाही. दर वेळी जाताना तो घरी विसरतो, म्हणजे पुन्हा जावं लागतं.