वत्सलाचे हात

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आरमोरीत आमचा फोटो स्टुडिओ होता आणि तिथे वत्सला काम करायची, हे पुष्कळांना अजून आठवतं. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात तिची नात भेटली. मोबाइलवर फोटो काढत होती. मी म्हटलं, "आजीची नजर घेतली तू." ती हसून म्हणाली, "नजर आजीचीच आहे जी, पन हात नाई घेतले. आजीचे हात हालत होते ना." वत्सलाचे हात हलत नव्हते. ते हलतात असं पहिल्यांदा बोललेला माणूस मी होतो, आणि आता ते तिच्या घरात तिची ओळख म्हणून सांगितलं जातं.

वत्सला ढिवर मोहल्ल्यातली, मासे धरणाऱ्यांच्या घरची. बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानाच्या पायरीशी झिंगे विकायला बसायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एक नवी सून फोटो काढायला आली होती आणि काही केल्या मान वर करेना. सासू ओरडत होती, मी घामाघूम. वत्सला बाहेरून पाहत होती. शेजारच्या चहावाल्याच्या चुलीतली राख घेऊन तिने हात घासले, धुतले, हुंगून पाहिले आणि आत आली. "भाऊ, तुमी त्या कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्यामागं जा बरं," मला म्हणाली. मग त्या पोरीची हनुवटी बोटाने उचलून म्हणाली, "काऊन वो बाई, फोटो काढून राह्यली का सुई टोचून घेऊन राह्यली? जीव सोड ना थोडा." पोरगी हसली. मी बटण दाबलं. त्या पोरीचा फोटो कितीतरी दिवस माझ्या काचेच्या कपाटात लावलेला होता.

पुढच्या बाजारापासून ती आधी स्टुडिओत यायची आणि मग मासोळी विकायची. हळूहळू मासोळी सुटली. राखेने हात घासायची सवय मात्र सुटली नाही. कॅमेऱ्याला हात लावण्याआधी ती बोटं हुंगायची. मी चेष्टा करायचो, "आता कुठी वास येते तुले?" ती म्हणायची, "मले नाई येत. नवरीले येईन."

तिला फ्लॅश आवडत नसे. "फ्लॅश मारला का माणूस चोरासारखा दिसते," म्हणायची. माणसाला दाराशी बसवायची, उजेड गालावर येईपर्यंत सरकवायची आणि मग थांबायची. किती थांबायची. मी चिडलो की म्हणायची, "मासा येईपर्यंत पान्यात हालाचं नाई भाऊ. हाललं का गेला." लहानपणापासून ती आईबरोबर तलावात कमरेएवढ्या पाण्यात जाळं धरून उभी राहिलेली बाई. कमी उजेडात, बिनफ्लॅशचा, न हललेला फोटो माझ्यापेक्षा तिचा चांगला यायचा. हे मला माहीत होतं.

आमच्याकडे हळदीच्या खोलीत बायकाच असतात. तिथे गाणी होतात, थट्टा होते, नवरीची आई एखाद्या कोपऱ्यात रडून घेते. पुरुष फोटोवाला आला की सगळ्या पदर सावरून ओळीत उभ्या राहतात. वत्सला माझा कॅमेरा घेऊन आत जायची तेव्हा कोणीच सावरून बसत नसे. तिच्या फोटोंत हळद लागलेले हात असायचे, हसताना तोंडावर धरलेले पदर असायचे. आजूबाजूच्या गावांतून निरोप येऊ लागले, "भाऊ आले नाई तं चालते, वत्सलाबाईले पाठवा." मी हे हसत हसत लोकांना सांगायचो. घरी गेल्यावर हसू येत नसे.

मग डिजिटल कॅमेरे आले. दोन हजार सात-आठचा सुमार असेल. नागपूरला तिचा मावसभाऊ लग्नाचे फोटो काढायचा. त्याने धंदा बदलला आणि आपला डिजिटल कॅमेरा तिला देऊन टाकला. नुसता कॅमेरा, लेन्स नाही. तो पदरात गुंडाळून ती माझ्याकडे आली. "भाऊ, लेक चामोर्शीले देल्ली. तिथीच आपलं लहानसं दुकान टाकाव म्हन्तो. तुमाले राग तं नाई ना?"

"राग काह्यचा?" मी म्हटलं.

"मंग याले लेन्स कोनता लावू ते तुमीच सांगा. एकच घेनं होते माह्यानं. पह्यलाच आहे, चुकला नाई पाह्यजे."

माझ्याकडे तेव्हा तिच्या कॅमेऱ्याला बसतील असे दोन लेन्स होते. एक पन्नासचा, लिंबाएवढा, दिसायला खेळण्यासारखा. पण तो भरपूर उजेड आत घेतो आणि लहान खोलीत, समईच्या उजेडातसुद्धा काम देतो. दुसरा लांब झूम, ताडोब्यात वाघ पाहायला येणाऱ्या लोकांच्या गळ्यात असतो तसा. तो लांबचं जवळ आणतो, पण उजेड कमी घेतो. घरात वापरला तर दगडासारखा हात असला तरी चित्र हलतं, आणि माणूस चार पावलांच्या आत आला की त्या लेन्सला धड दिसतही नाही. नवशिक्यालाही आम्ही हे पहिल्या दिवशी सांगत असू; वत्सलाला मात्र मी नेहमी लेन्स लावलेलाच कॅमेरा हातात देत आलो होतो.

वत्सलाने दोन्ही उचलून पाहिले. पन्नासचा दाराकडे धरून त्यातून बघत म्हणाली, "हा इतकुसा आहे, पन उजेड किती देते जी. हाच घेऊ का?"

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आरमोरी ते चामोर्शी सगळ्या हळदी आल्या. हळदीचे फोटो जिचे, लग्नाचं कामही तिलाच मिळणार होतं. मी म्हणालो, "तो पासपोर्ट फोटोवाला आहे. लोक हासतीन तुले. धंदा कराचा तं मोठा लेन्स पाह्यजे. दुरून काढ, ऐटीत काढ."

"तुमी म्हन्ता तं मोठाच देजा," ती म्हणाली. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तिचं पहिलं स्वतंत्र काम चामोर्शीजवळच्या एका धानवाल्या शेतकऱ्याच्या मुलीचं. छपरावर कवेलू घातलेलं घर, हळद आतल्या लहान खोलीत. लग्नाच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "भाऊ, हळदीचे फोटो सारे धुकट आले. मागं सरकून सरकून भिताडाले लागली, अंगनात जाऊन दारातून काढले, तरी धुकटच. लग्न हातचं जाईन. तुमी येता का?"

मी गेलो. माझ्या कॅमेऱ्याला पन्नासचा लावून गेलो. दिवसभर तिने माझी बॅग वाहिली. नवरीच्या कानात काहीतरी बोलून तिला हसवलं, पदर सारखा केला. फोटो मी काढले. दुपारी त्याच हळदीच्या खोलीत नवरी आणि तिच्या आजीचा फोटो काढला. वत्सलाने माझ्या कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"भाऊ, खोली तेच, उजेड तोच. तुमचा कसा नाई हालला?"

एवढं सोपं विचारलं होतं तिने. लेन्स काढून तिच्या हातात ठेवला असता तरी उत्तर झालं असतं. बाजूला नवरीचा बाप उभा होता. मी म्हणालो, "लेन्स चांगलाच आहे बाई. हात थिर पाह्यजे. तुहा हात हालते."

तिने दोन्ही हात समोर धरले. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. "असंन जी," म्हणाली. "मले समजलं नाई."

चामोर्शीचं दुकान उघडलंच नाही. तिने कॅमेरा पेटीत ठेवला आणि ती पुन्हा आरमोरीच्या बाजारात मासोळी घेऊन बसू लागली. माझ्या पायरीशी नाही, पार दुसऱ्या टोकाला. मी दिसलो की हाक मारायची आणि पिशवीत मूठभर झिंगे जास्तीचे टाकायची. कोणी विचारलं, बाई फोटो काऊन सोडले, तर स्वतःच सांगायची, "हात हालते माहे." पुढे पुढे ती चहासुद्धा दोन हातांनी पेला धरून पिऊ लागली. न हलणारे ते हात ती सांभाळून वापरायची. मी लांबून ते बघायचो आणि झिंगे घेऊन घरी यायचो. हळदीच्या खोल्या पुन्हा मला मिळाल्या. तिथे बायका पदर सावरून ओळीत उभ्या राहत.

स्टुडिओ बंद करून काही वर्षं झाल्यावर कळलं की ती आजारी आहे, चामोर्शीला लेकीकडे आहे. मी एसटीने निघालो. काय बोलायचं ते वाटेत मनाशी जुळवलं. तिच्या बोलीत, तिला एका दमात समजेल असं.

अंगणात खाटेवर होती. खूप वाळली होती. मला बघून लेकीला म्हणाली, "खुर्ची आन वो, भाऊ आले. यायनंच मले शिकवलं." चहा आला. तिने दोन्ही हातांनी पेला उचलला.

मी म्हणालो, "वत्सला, तो लेन्स..."

"आहे ना जी पेटीत," ती म्हणाली. "तुमी एवढा चांगला लेन्स देल्ला, माह्याच हातानं धोका देल्ला. तुमी मनाले नका लावून घेऊ भाऊ. तुमचा काय दोष?"

ती माझी समजूत घालत होती. लेक दाराशी उभी होती. मी चहा संपवला. औषध कोणतं चालू आहे ते विचारलं. भात जातो का, विचारलं. "येतो बाई," म्हणालो आणि उठलो. धान कापणीला यायच्या आत ती गेली.

एसटीत जुळवलेलं वाक्य असं होतं: वत्सला, लेन्स मी चुकीचा देल्ला, समजून उमजून देल्ला. तुहे हात कधीच हालत नव्हते. मले माफ कर.