कावीळच म्हणायचं

फोन आला तेव्हा मी दादासाठी पेज ढवळत होते. तेल नाही, फोडणी नाही, नुसतं चिमटीभर मीठ. श्रुती, म्हणजे त्याची मुलगी, हॉस्पिटलातून बोलत होती. "आत्या, डबा आणू नकोस," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "का गं, तिथलं जेवण आवडायला लागलं की काय त्याला?" पलीकडे ती रडायला लागली... मग कळलं. मी गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि साडी बदलायला आत गेले. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, या बाईला काही वाटलंच नाही.

काही आठवडे झाले त्याला. दादा म्हणजे कांदिवलीच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणारे मेस्त्री सर. त्याचे विद्यार्थी अजून फोन करतात, घरी येतात, सर कसे भारी होते ते सांगतात. "तुम्ही बहीण, तुम्हीच लिहा त्यांच्यावर," असं त्यांनीच माझ्या मागे लावलं. लिहिते. पण आधीच सांगून ठेवते, मला "किती सेवा केलीत हो भावाची" असं कुणी म्हणू नका. आत्तापर्यंत पुष्कळांनी म्हटलंय आणि दर वेळी मी विषय बदललाय.

आम्ही मालवणकडचे. वडील गिरणीत होते, घर चाळीत. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि पहिल्यापासून उपद्व्यापी. गॅलरीत आईची कपडे वाळत घालायची दोरी होती. एकदा त्याने माझ्या वेणीची लाल रिबीन सोडून त्या दोरीला मधोमध बांधली, दोरीचं एक टोक सोडवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मार झटका." मी मारला. दोरीतून हेलकावा सळसळत खुंटीपर्यंत गेला. "रिबीन खुंटीकडे गेली?" नव्हती गेली. जागच्या जागी वरखाली होऊन थांबली होती. "मग पुढे गेलं काय?" मला काय ठाऊक! मी म्हटलं, "आता आई येईल पुढे, लाटणं घेऊन." तो हसून लोळला. मग म्हणाला, "अगो, दोरी जात नाही, धक्का जातो. लाट म्हणजे एवढंच. पाणी जात नाही, हवा जात नाही, प्रत्येक जण शेजारच्याला ढकलतो आणि आपल्या जागी येतो." मला तेव्हा रिबीन परत हवी होती, बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

पुढे हेच तो वर्गात शिकवायचा आणि पगार घ्यायचा. पोरांना खांद्याला खांदा लावून रांगेत उभं करायचा, शेवटच्याला हलकेच ढकलायचा, आणि तो धक्का रांगेतून पार फळ्यापर्यंत जायचा. "हा झाला आवाज," म्हणायचा. "हवेचे कण असेच उभे असतात, गर्दीत, बिचारे." फळ्याजवळचा पोरगा मुद्दाम धाडकन पडायचा, वर्गात दंगा व्हायचा, बाजूच्या वर्गातल्या बाई तक्रार घेऊन यायच्या. दर वर्षी हाच तमाशा. घरीही सुटका नव्हती. गणपतीत चारकोपच्या कोपऱ्यावर स्पीकरच्या भिंती लागल्या की मी कानात कापूस घालून मागच्या खोलीत जायची. हा तिथेही यायचा. "ऐक ना, गाणं ऐकू येतंय? नाही. नुसतं धम धम येतंय. लांब लाटा इमारतीला वळसा घालून येतात, आखूड लाटांना ते जमत नाही, त्या समोरच्या भिंतीवर आपटून परत." मी म्हणायची, "तू पण जा ना परत." वहिनी होती तोवर आम्ही दोघी मिळून त्याची टर उडवायचो. ती गेल्यावर तो चारकोपच्या घरात एकटा राहिला. मी पुढच्याच गल्लीत. रोजचा डबा माझ्याकडून.

रिटायर झाल्यावर त्याला जुहूला जायचं वेड लागलं. मी भेळेसाठी जायची, तो लाटांसाठी. एकदा म्हणाला, "वारा कुठूनही येवो, लाट मात्र जवळजवळ समोरूनच येते किनाऱ्याला. का?" मी तोंडातली भेळ संपवेपर्यंत त्यानेच सांगितलं. लाट तिरकीच निघते. पण तिचं जे टोक आधी उथळ पाण्यात शिरतं ते मंदावतं, खोल पाण्यातलं टोक तेवढ्या वेळात पुढे येतं, आणि अख्खी लाट वळून किनाऱ्याला सामोरी होते. "म्हणजे बघ, किनाऱ्याजवळ आलं की सरळ व्हावंच लागतं," म्हणाला. मी म्हटलं, "शेव कमी घातलीय रे मेल्याने." आता त्या वाक्याची लाज वाटते, पण खरं तर आमचं तसंच छान चाललं होतं.

मग त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. मी त्याला ओढून सोनोग्राफीला नेलं. आत त्याला एकट्यालाच घेतलं, मी बाहेर बसले. बाहेर आला तो शर्टाची बटणं लावत. मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाल्या?" म्हणाला, "श्राव्यातीत ध्वनी पोटात सोडतात, परत येतो तो टिपतात. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून काय झालं, लाट ती लाटच." मी म्हटलं, "गप रे, रिपोर्टचं विचारतेय." रिपोर्ट उद्या, म्हणाला.

रिपोर्ट श्रुतीने आणला. मग मोठं हॉस्पिटल, पुढच्या तपासण्या. तिथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाजूला बोलावून सांगितलं, कॅन्सर आहे, पसरलाय, फार काही करण्यासारखं नाही. निघताना म्हणाले, "त्यांना जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या." श्रुती तिथेच म्हणाली, "आत्या, बाबांना सांगूया." मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "खबरदार." माझ्या डोळ्यांसमोर आमचे वडील होते. त्यांना डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले ते उठलेच नाहीत, आठवड्यात संपले. दादाचं तसं होऊ द्यायचं नव्हतं मला. श्रुती रडली, भांडली, शेवटी मुलुंडला घरी जाताना सगळे कागद बरोबर घेऊन गेली. मी ठरवलं, कावीळ. डोळे पिवळे होतेच, वेगळं नाटक करायला नको. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी जिन्यात गाठायची. वर रडायचं नाही, कावीळच म्हणायचं. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना तर वर सोडलंच नाही. पोरं भावनेच्या भरात काय बोलतील नेम नाही. "इन्फेक्शन होईल, नंतर या," सांगून खालूनच परत पाठवली.

पण कावीळ म्हटली की पथ्य आलं. पथ्य नाही म्हणजे त्याला संशय येणार. आमचा चुलतभाऊ गावाहून काविळीचा पाला घेऊन आला, कडू जहर. रोज सकाळी मी तो वाटून द्यायची आणि दादा नाक दाबून प्यायचा. तेल बंद, तिखट बंद, मासे बंद. मालवणी माणसाचे मासे बंद! एके दिवशी म्हणाला, "बांगड्याचं तिखलं कर ना गं. एवढंसं." डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात होतं, जे खावंसं वाटेल ते. तरी मी म्हटलं, "वेडा झालास? काविळीत बांगडा? बरा हो, मग टोपभर करते." त्याने मान हलवली आणि पेज ओढून घेतली. पुन्हा कधी मागितलं नाही. मला वाटलं, चला, पटलं याला.

नंतर एका संध्याकाळी मी त्याचे पाय चेपत बसले होते. आम्ही एरवी एकमेकांशी साधं मुंबईचंच बोलायचो, पण अगदी आतलं काही असलं की दादा मालवणीवर यायचा. तसा आला. "बाय, माका कायतरी सांगूचा आसा तर सांग हां." मी पाय चेपतच राहिले. "काय सांगायचंय? चार दिवसांत हिंडाफिरायला लागशील. फार विचार करू नकोस." तो उशीला टेकून जरा उठून बसला. मग म्हणाला, "बरां." आणि माझ्या हातावर थोपटलं. मी स्वयंपाकघरात येऊन पदर तोंडात कोंबून रडले आणि स्वतःलाच शाबासकी दिली, की कळू दिलं नाही बाई...

शेवटी त्याला हॉस्पिटलात हलवावं लागलं, तिथेच तो गेला. दिवसपाणी झाल्यावर ग्लोरिया आली. सोनोग्राफी केली ती हीच डॉक्टर. गोराईची, दादाची विद्यार्थिनी, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. मी चहा दिला. म्हटलं, "एक बरं झालं गं, शेवटपर्यंत त्याला काही कळलं नाही. शांत गेला." तिने कप खाली ठेवला. "आत्या, सरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मला हसूच आलं. म्हटलं, कसं शक्य आहे? ती सांगायला लागली. पोटावर यंत्र फिरवत होती आणि दादा मान वळवून पडद्याकडे बघत होता. त्यानेच विचारलं, "ग्लोरिया, लाट परत कधी फिरते?" ती सवयीने बोलून गेली, "दोन माध्यमांच्या सीमेवर, सर." "मग यकृताच्या मधोमध सीमा कुठून आली? एक सोड, चार-पाच दिसतायत." ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या पोटावरचं जेल पुसायला ठेवलेला कागद दादाने तिच्याच हातात दिला. म्हणाला, "रडू नकोस, बरोबर उत्तर दिलंस." आणि उठता उठता तिला बजावलं, "बाहेर माझी बहीण बसलीय. मला कळलंय हे तिला सांगू नकोस. तिचं तिला सांगू दे. तिला जमेल तेव्हा सांगेल, मी थांबतो."

मी थांबतो... तो थांबला. कडू पाला पीत थांबला. बांगड्याला मी नाही म्हटलं ते का म्हटलं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं, तरी पेज प्यायला. त्याची पोरं खालून परत गेली, ते आवाज त्याने खिडकीतून ऐकले असणार, त्या माणसाचे कान तसलेच. त्या संध्याकाळी मालवणीत विचारून त्याने मला दार उघडून दिलं होतं, आणि मी ते त्याच्या तोंडावर लावलं. वडील गेले तेव्हा निदान ते सगळ्यांना माहीत होतं, आई त्यांच्या उशाशी बसून बोलत होती, माफी मागत होती, भांडत होती. दादाला मरणाची भीती वाटत होती का, हे मला माहीत नाही. मी त्याला विचारूच शकले नाही, कारण माझ्या हिशेबी तो मरतच नव्हता. घरभर माणसं होती आणि त्याच्या मरणाबद्दल त्याला बोलायला एक माणूस नव्हतं. ते मी केलं, आणि प्रेमाने केलं, हे तर आणखी वाईट. श्रुतीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, स्वतःला त्रास करून घेऊ नकोस." पण तिने "तुझं चुकलं नाही" असं म्हटलं नाही. मुलगी बापावर गेलीय, खोटं बोलत नाही.

मागच्या आठवड्यात त्याचं घर आवरलं. पुस्तकं कॉलेजला दिली, कपाट आणि पलंग श्रुती घेऊन गेली, पडदे मी काढले. सगळे गेल्यावर कुलूप लावायला म्हणून मी एकटीच मागे राहिले. त्याच्या खोलीत शिंकले तर आवाज घुमला. इतकी वर्षं त्या खोलीत कधी घुमला नव्हता. गाद्या, कपडे, पुस्तकं आवाज पिऊन टाकतात असं तो सांगायचा, आता प्यायला काही उरलंच नव्हतं. मी दार आतून लावून घेतलं. जिथे त्याचा पलंग होता तिथे पायाशी, जमिनीवर बसले. दोनदा घसा खाकरला. आणि मोठ्याने म्हटलं, "दादा, तुका कॅन्सर झालो आसा. तू बरो होवचंस नाय."

भिंतींनी ते क्षणभर धरलं आणि सोडून दिलं. एका श्वासात सांगून झालं होतं. एवढंच होतं ते.