पाठीमागची फेक

फ्लाय फिशिंगची काठी मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी विकत घेतली. त्याआधी हिमाचलच्या सहलीत एका माणसाला गुडघाभर पाण्यात उभं राहून ती चालवताना पाहिलं होतं. दोरी हवेतून मागे जायची, सरळ व्हायची आणि मग पुढे येऊन पाण्यावर अलगद उतरायची. टोकाला पिसांची खोटी माशी, तिच्यात गळ. पुढच्या सहलीत आपणही हे करायचं, असं ठरवलं.

आम्ही राहतो त्या नाहूरमध्ये हे शिकवणारं कोणी सापडलं नाही. म्हणून दोन पुस्तकं मागवली आणि सोसायटीच्या गच्चीवर सराव सुरू केला. गच्ची टेपने मोजली, चौसष्ट फूट. काठी नऊ फूट, बाहेर सोडलेली दोरी बावीस, माझा हात दोन. म्हणजे माझ्या मागे तेहेतीस फुटांपर्यंत धोका. मी माझ्या उभं राहण्याच्या जागेपासून चाळिसाव्या फुटावर खडूने रेघ ओढली आणि तिच्यापलीकडे वडिलांची खुर्ची ठेवली.

वडील एक्याऐंशी वर्षांचे. उजवा डोळा काचबिंदूने गेलेला. डाव्यावर पेपर वाचतात, क्रिकेट बघतात, एकटे खाली जाऊन भाजी आणतात. सगळं आयुष्य त्या एका डोळ्यावर. संध्याकाळी त्यांना गच्चीवर यायचंच असायचं आणि त्यांना नको म्हणणं मला जमत नव्हतं.

या प्रकारात वजन गळाला नसतं, दोरीला असतं. त्यामुळे ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावं लागतं. तेवढा वेळ तिचं टोक आपल्या पाठीमागे, न दिसणाऱ्या जागी असतं. मला पहिल्या दिवसापासून भीती होती ती याच वेळेची. एक पुस्तक म्हणत होतं, मान वळवून मागे बघा. दुसरं म्हणत होतं, बघू नका, मनात एक-दोन मोजा. वळून पाहिलं की माझा खांदा फिरायचा आणि दोरी वाकडी जायची. मी मोजण्याची पद्धत घेतली. सरावाला गळ बांधू नये, लोकरीचा तुकडा बांधावा, यावर मात्र दोन्ही पुस्तकांचं एकमत होतं. मी लाल लोकर बांधली.

वडिलांचं लहानपण मालवणकडच्या खाडीवर, गरी म्हणजे गळ टाकण्यात गेलं; तेव्हाच्या गळांचा छोटा डबा अजून त्यांच्या खिशात असतो. त्यांना ते बघवेना.

"लोकर बांधून कसलो मासो गावतलो रे झिला? मेंढरू गावात एखादा."

"बाबा, हा फक्त सराव आहे."

"गरी नाय तर सराव कसलो? हात खोटो पडता तेना."

एका रविवारी दुसरं पुस्तक घरी राहिलं म्हणून मी खाली गेलो. दहा मिनिटांनी वर आलो. काठी उचलली, टोकाकडे पाहिलं. लाल लोकर जागेवर होती. तिच्या आत काय आहे, ते पाहायचं मला सुचलं नाही. खुर्चीकडेही पाहिलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या फेकीला दोरी मागे गेली. एक, दोन. हात पुढे आणायला सुरुवात केली आणि दोरी आली नाही.

आवाज काहीच झाला नाही. मी काठी सोडून दिली. पण त्याआधी हात किती पुढे गेला होता? दोन इंच? सहा? वळलो. वडील पाण्याच्या टाकीच्या सावलीत, रेघेच्या अलीकडे नऊ फुटांवर बसले होते. डावा पंजा डाव्या डोळ्यावर दाबलेला. बोटांमधून रक्त येत होतं आणि लाल लोकर बाहेर लोंबत होती.

"गरी मीयाच बांधलंय," ते म्हणाले. "माझ्या डब्यातली. तू भिया नको."

मी दोरी कापली. स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रिक्षा केली. वाटेत त्यांनी पंजा काढला नाही आणि मीही काढायला सांगितलं नाही. हात तिथे होता तोवर काहीच नक्की झालेलं नव्हतं. त्यांचा उजवा डोळा माझ्याकडे वळलेला होता. त्यातून त्यांना मी दिसत नव्हतो. मला तोंडातल्या तोंडात आकडे म्हणायची सवय आहे. त्या वेळी एकही आकडा आठवेना.

डॉक्टरांनी हात हळूच बाजूला केला. गळ भुवईत रुतला होता. पापणीपासून एक सेंटिमीटर. रक्त पुसल्यावर त्यांनी बोटं धरली.

"आजोबा, किती?"

"तीन. आणि तुमच्या कोटाचा एक बटण तुटलाहा."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. आत भुवईला दोन टाके पडले.

घरी बायकोने एकच विचारलं, "तू मागे बघितलं नाहीस?" मी नाही म्हणालो. तिने गच्चीची किल्ली उचलून आपल्या कपाटात ठेवली.

टाके निघाले तशी वडिलांनीच ती किल्ली तिच्याकडून परत मागितली. मी आता फेकण्याआधी लोकर बोटांनी चाचपतो, प्रत्येक वेळी. वडिलांना समोर बसवतो, माझ्या डोळ्यांपुढे. ते तिथून ओरडतात, "सोड रे! आता कोण आसा तुझ्या मागे?" मागे कोणी नसतं. तरी दोरी वर गेली की एक म्हणतो आणि दोन म्हणायच्या आधी मान वळते. खांदा फिरतो, दोरी पायाशी गोळा होऊन पडते. मी ती गुंडाळतो आणि परत चाचपायला लागतो.