राजहंसाचा मॉनिटर

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. एकामागे मी, दुसऱ्यामागे राजहंस. हे नाव मीच ठेवलेलं. तो पक्षी दूध आणि पाणी वेगळं करतो म्हणतात ना, तसे हे गृहस्थ फोटोतले रंग निवडायचे. अख्खी नोकरी एका स्टुडिओत लग्नाचे फोटो सुधारण्यात गेली. नवरदेवाच्या नाकावरचा फोड काढा, मावशीबाईंच्या दोन हनुवट्यांची एक करा, रडून लाल झालेली नवरी फिकी न पाडता पुन्हा गोड करा. मोठं पुण्याचं काम! पुढे मालकाने जागा आवरती घेतली आणि काम घरी पाठवायला लागला.

घरी कॉम्प्युटर एकच, हॉलच्या कोपऱ्यात. दिवसभर त्यावर वहिनी, म्हणजे राजहंसांच्या सौभाग्यवती, एका विमा कंपनीचे दावे तपासायच्या. संध्याकाळी त्या उठल्या की राजहंस बसायचे. एका म्यानात दोन तलवारी, पण पाळी लावून.

एक दिवस त्या म्हाताऱ्या मॉनिटरवर मधोमध काळी उभी रेघ आली. प्रत्येक नवरा-नवरीच्या मध्ये भिंत! मी म्हणालो, "राहू द्या की. पुढे व्हायचंच ते आधीच दिसतंय." वहिनी हसल्या. राजहंस हसले नाहीत. त्यांच्या रंगांपुढे थट्टा चालत नसे.

मॉनिटर घ्यायला तिघं गेलो. मी कशाला? फुकटची करमणूक कोण सोडतो! वहिनींच्या अटी साध्या: अक्षर ठसठशीत हवं, खिडकीचा उजेड काचेवर चमकायला नको, आणि मान दुखू नये म्हणून खालीवर करता यावा. दुकानदाराने भराभर चार लावले. वहिनींना दुसराच पसंत पडला.

राजहंस म्हणाले, "पिवळा आहे."

"बरं, हा बघा."

"हाही पिवळा."

तिसरा पिवळा, चौथा तर हळकुंडासारखा पिवळा. मी हळूच म्हणालो, "कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात."

"रंग मला शिकवू नका," राजहंस गुरगुरले.

शेवटी दुकानदार कंटाळला. त्याने वहिनींच्याच पसंतीचा तो दुसरा मॉनिटर पुन्हा पुढे ओढला, त्याची सेटिंग उघडली आणि रंग होता होईल तेवढा गार, म्हणजे निळसर, करून टाकला. पडद्यावर एक हसरी पोरगी होती. आता ती फ्रीजमधून काढल्यासारखी दिसायला लागली.

"हा! याला म्हणतात पांढरा!" राजहंसांचा चेहरा उजळला.

"अहो, तिला आधी स्वेटर घाला," मी म्हणालो.

"तुमच्या डोळ्यांना पिवळ्याची सवय झालीय."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे. वहिनींनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. म्हणाल्या, "हाच बांधा."

घरी बसल्यावर राजहंसांना फोटोतही पिवळं दिसायला लागलं आणि ते एकेका चेहऱ्यातून ते उपसत सुटले. पहिलंच काम स्टुडिओत गेलं आणि मालकाचा फोन आला. राजहंस आंघोळीला गेले होते. "वहिनी, ह्यांनी नवरी विहिरीतून काढली की काय?" वहिनी म्हणाल्या, चुकून भलतीच फाइल आली, बरोबर ती पाठवते. इतकी वर्षं नवऱ्याशेजारी भाजी निवडत बसून बाईंनी काम डोळ्यांनीच शिकून घेतलं होतं. त्या दिवसापासून सकाळी आपलं काम सुरू करायच्या आधी त्या सेटिंग तेवढ्यापुरती मूळची करून राजहंसांनी गारठवलेल्या चेहऱ्यांत पुन्हा रक्त भरायच्या, आणि मगच फोटो पाठवायच्या. ते तेव्हा फिरायला गेलेले असत.

एका सकाळी मी पेपर मागायला डोकावलो आणि चोरी पकडली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, ठाऊक आहे मला. हा एक भिजू द्या."

"पण त्यांना सांगत का नाही?"

"सांगून पाहिलं. म्हणाले, तू आपले आकडे बघ. अहो, रंग काढून घेतले तर त्यांच्याजवळ उरतं काय?"

इकडे राजहंस फुगत चाललेले. जिन्यात भेटेल त्याला ऐकवायचे, "मालकाची एक तक्रार नाही! मॉनिटर निवडायला नजर लागते." मी मान डोलवायचो. तीळ भिजत होता.

मग त्यांच्या लेकीचं लग्न झालं. फोटो अर्थात बापाने हातात घेतले. संध्याकाळमागून संध्याकाळ बसले. झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "द्या, मी नेऊन देते छापायला." ते म्हणाले, "लेकीच्या अल्बमला दुसऱ्याचा हात नको," आणि पेन ड्राइव्ह खिशात घालून स्वतः गेले.

अल्बम उघडला तेव्हा लेक, जावई, विहीणबाई सगळी जमलेली. मीही होतो, चहा जिथे तिथे मी. विहीणबाईंनी दोन पानं उलटली आणि काळजीने विचारलं, "सूनबाई त्या दिवशी आजारी होती का हो?"

"छे! का?" राजहंस म्हणाले.

"बाबा, मी निळी दिसतेय."

"कुठे निळी?" त्यांनी अल्बम जवळ घेतला, लांब धरला. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी बायकोकडे.

"छान आलाय," वहिनी म्हणाल्या.

लेकीचा बांध फुटला. "छान काय आई! परक्यांच्या नवऱ्या रोज सकाळी नीट करत बसतेस, मग माझेच फोटो का नाही केलेस गं?"

राजहंसांनी अल्बम मिटला आणि नीट मखमली पिशवीत घातला, जणू दुसऱ्या कुणाचा होता.

डॉक्टरांकडे नेल्यावर राजहंसांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला जुना, पिवळा; जगाचा पिवळेपणा तिथे होता. ऑपरेशनं झाली, पट्ट्या निघाल्या. घरी आल्यावर त्यांनी आधी मॉनिटर लावला. वहिनी सांगत होत्या, लेकीचे फोटो एकेक करून उघडले. मग विचारलं, "सगळ्यांना असंच दिसत होतं?"

"हो."

"आणि तू छान म्हणत होतीस."

एवढंच. त्यानंतर स्टुडिओतून फोन आला, त्यांनीच घेतला. मी दारातच होतो. फोटो वहिनीच नीट करायच्या ही बातमी मालकापर्यंत पोचली होती. मी नाही हो पोचवली. पलीकडून आवाज आला, "डोळे कसे आहेत? बरं, वहिनींना द्या जरा." त्यांनी फोन वहिनींना दिला. तेव्हापासून काम वहिनींच्या नावावर येतं. दिवसभर मॉनिटर त्यांचाच असतो, आधी फोटो, मग दावे.

राजहंसांची संध्याकाळ मात्र कायम आहे. त्यांनी सेटिंग स्वतःच्या हाताने बरोबर केली आणि लेकीचा अल्बम पहिल्या पानापासून पुन्हा करायला घेतला. लेक म्हणाली, राहू द्या बाबा, आम्ही दुसरीकडून करून घेतलाय. तरी ते बसतात.

परवा मला हाक मारली. "इकडे या. तिला विचारण्यात अर्थ नाही, ती छानच म्हणणार. तुम्ही जन्माचे टवाळ, तुम्ही खरं सांगा."

मी वाकून बघितलं. जिन्यात उड्या मारणारी ती पोर मी लहानपणापासून पाहिलेली. तोच गव्हाळ रंग, गालावर तीच लाली. मी टोमणा शोधला. खूप शोधला हो. सापडेना.

"छान आहे," मी म्हणालो.

त्यांनी त्या नव्या, स्वच्छ डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे आता तुम्हालाही माझी कीव यायला लागली," ते म्हणाले, आणि मॉनिटरचं बटण दाबलं.