बाहेरची कडी

तिला आम्ही सगळे टाचणी म्हणायचो. अंगाने बारीक तर होतीच, पण शिवणाच्या तासाला ओठांत टाचण्या धरून बसायची, म्हणजे कुणी बोलायला लावू नये. ज्यांना घर नाही अशा मुलींच्या त्या संस्थेत मी बरीच वर्षं शिकवायला जात होते. तिथे अठरा पूर्ण झाली की मुलीने बाहेर पडायचं असतं. टाचणीही पडली. संस्थेच्या मोठ्या ताईंनी तिला एका काकूंच्या घरी, माडीवरच्या खोलीत नेऊन सोडलं. एक खाट, एक खिडकी, पाण्याची कळशी. जवळच्या शिवणकामाच्या कारखान्यात कामही लावून दिलं होतं.

निघताना ताई म्हणाल्या, "घाबरू नकोस हं." तिने मला नंतर सांगितलं, "बाई, तोवर मी घाबरले नव्हते."

संस्थेत रोज दिवेलागणीनंतर ताई खाटांमधून फिरत, डोकी मोजत आणि जाताना दाराला बाहेरून कडी घालत. आतली कडी काढूनच टाकलेली होती. धाकट्या मुली स्वतःला कोंडून घेत म्हणून. कडीचा खट्ट आवाज झाला की टाचणी डोळे मिटायची. आपण मोजले गेलो, आता काही होत नाही.

या खोलीला आतून कडी होती. ती लावून टाचणी खाटेवर बसली. आपण इथे आहोत हे कुणाला ठाऊक आहे? कडी काढावी तर जिन्यावरून कुणीही वर येईल. लावावी तर आत काही झालं तरी कुणाला पत्ता नाही. पहिले काही दिवस ती दाराला पाठ टेकवून, बसल्या बसल्याच डुलक्या घेत राहिली. कारखान्यात मशीनवर मान पडायची. तिथल्या मास्तरांनी बजावलं होतं, "आठवडाभर बघतो. वेळेवर आलीस तर मशीन तुझं. नाहीतर बाहेर बाकावर बसल्यात दोघी, दिसतात ना?" मशीन गेलं की खोली जाणार, हे वेगळं सांगायला नको होतं. आणि खोलीनंतर कुठे, याचा विचार ती करतच नसे.

शेवटी तिने धीर करून घरमालकीण काकूंना विचारलं, "काकू, रोज संध्याकाळी माझ्या दाराला बाहेरून कडी घालाल?"

"अगं, तू काय कोंबडी आहेस, झाकून ठेवायला?"

"मला झोप लागत नाही हो."

काकू तोंडाने फटकळ, पण मनाने तशा नव्हत्या. "नसती थेरं एकेकाची," असं पुटपुटत त्या जिना चढल्या. खट्ट. टाचणी मेल्यासारखी झोपली. सकाळी काकू दूध तापवायच्या आधी कडी काढून जात.

आठवडा संपायच्या दिवशी काकूंच्या लेकीला कळा सुरू झाल्याचा फोन आला. उजाडायच्या आतच काकू पायात मिळतील त्या चपला अडकवून निघून गेल्या. वरची कडी तशीच राहिली.

टाचणी उठली. दार ओढलं, हललं नाही. पण तिने हाक मारली नाही. तिने अंथरुणाची घडी घातली, वेणी घातली आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसली. संस्थेत जी खोली शांत, तिचं दार आधी उघडायचं. दार वाजवलं, आरडाओरडा केला, तर सर्वांत शेवटी. ती आणखी शांत बसली. श्वाससुद्धा हळू घेऊ लागली. रस्त्यावरून शाळेची मुलं गेली, म्हणजे मशिनी सुरू झाल्या असणार. घर खाली चिडीचूप. कुणी येणार नाही, कधीच येणार नाही, हे तिला कळलं, तरी ओठ उघडेनात, टाचण्या धरल्यासारखे.

खाली गल्लीत सिलिंडर आपटल्याचा आवाज आला. ती खिडकीशी धावली. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला तो इतका मोठा, की सिलिंडरवाल्याच्या हातातून पाना पडला.

"मी इथे आहे! वर! इथे!"

"कुणी कोंडलं गं तुला?"

"मीच कोंडायला सांगितलं होतं!"

त्याने बाहेरच्या जिन्याने वर येऊन कडी काढली आणि लगेच दोन पावलं मागे सरकला. "पोरी, डॉक्टरला दाखव एकदा," म्हणाला. त्याचं खरं होतं की नाही, देव जाणे. ती जिना उतरून पळतही सुटली होती.

मशीनवर दुसरीच मुलगी बसली होती. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "या राणीसरकार. आता वेळ झाली?"

संस्थेत याला एकच उत्तर असे: चूक झाली. ते जिभेवर आलंही. पण ती म्हणाली, "खोलीत अडकले होते. ओरडायला उशीर केला."

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. "पुढच्या वेळी लवकर ओरड. आज काजं-बटणं कर. मशीनचं सोमवारी बघू."

काकू परतल्या तेव्हा नात झाल्याचं सांगायच्या आधीच कडी आठवून रडल्या. मग म्हणाल्या, "मेली मी ती कडी पुन्हा घालायची नाही. आतून तूच घाल. मी खालून विचारीन, तू सांग." तेव्हापासून रोज संध्याकाळी जिन्याखालून हाक येते, "लावलीस का गं?" आणि वरून, "लावली!"

परवा हाक आलीच नाही. टाचणी अंधारत्या खोलीत कान देऊन बसली. मग तिने स्वतः लावलेली कडी स्वतः काढली आणि भिंत धरून जिना उतरली.

"काकू? बऱ्या आहात ना?"

"अगं, नातीचा व्हिडिओ बघत होते. ये, बैस. घाबरलीस?"

"हो," टाचणी म्हणाली. आणि बसली.