डिस्ट्रिब्युटर बसला, गाडी विकायची नाही

मंडळी, परवा "हात पोचत नाही तिथे डिस्ट्रिब्युटर कसा बसवू?" या माझ्या प्रश्नावर ज्यांनी "ताई, नवऱ्याला पाठवा" अशी कमेंट टाकली, त्यांनी हे जरूर वाचा.

आमच्या अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडी तीसच्या दशकातली. प्लगना वेळेवर ठिणगी पोचवणारा तिचा डिस्ट्रिब्युटर दुरुस्त होऊन आला. पण त्याची जागा इंजिनाच्या पार मागे, पत्र्याला चिकटून. मेकॅनिकचा हात काही तिथे शिरेना. "इंजिनच उतरवावं लागेल," तो म्हणाला.

झालं! दादाने लगेच दिंडोरीच्या एका वायनरीला गाडी विकून टाकायचं ठरवलं. सेल्फी पॉइंट म्हणून! आज दुपारी ट्रक येणार होता.

सकाळी मीच बॉनेट उघडलं. लग्नात चुडा भरताना कासारीण म्हणाली होती, "अंगठा आत दुमड, हात सैल सोड." तसाच केला, तेल चोपडलं आणि घातला आत. डिस्ट्रिब्युटर बसला.

स्टार्टर मारला तर असा बार उडाला की अप्पा खुर्चीतून उठले. "उलटा बसलाय गं. काढ, अर्धा फेरा फिरव, परत घाल."

मनगट सोललं, पण घातला. आणि इंजिन धडधडलं!

ट्रक आला तेव्हा अप्पांना शेजारी बसवून मी फाटकातून बाहेर पडत होते.

"अगं, कुठे निघालीस?" दादा ओरडला.

"दिंडोरीला. गाडी मिळणार नाही, हे सांगायला!"

आणि हो, नवऱ्यालाही नेलं होतं. मागच्या सीटवर, बंद पडली तर धक्का मारायला. जाऊन आलो, एकदाही उतरावं लागलं नाही त्याला.

आता बोला, कोणाला पाठवू?